हळदीखाली

“आत्ती, नाक ठणकतंय गं,” पाटावर बसलेली शलाका माझ्याकडं मान वळवून म्हणाली. तिच्या आईनं लगेच हनुवटी धरून तिचं तोंड परत समोर केलं आणि गालावरून हळदीचा आणखी एक हात फिरवला.

मी मांडवाच्या कडेला, स्वयंपाकघराच्या दारापाशी खुर्चीवर बसले होते. विधवा बाईची हळदीतली जागा तीच. तिकडं बसा असं तोंडानं कुणी म्हणत नाही, खुर्चीच तिथं मांडून ठेवलेली असते. आता गंमत ऐका. त्या मांडवातली सगळी हळद माझ्या गिरणीत दळलेली. घाण्याच्या दिवशी सवाष्णींनी जात्याला नावापुरते हात लावले, ओव्या म्हटल्या, फोटो काढून घेतले आणि उरलेली हळकुंडं पिशवीत भरून माझ्याकडं आली. दळायला मी चालते, लावायला चालत नाही. त्याचं वाईट वाटायचं कधीच बंद झालं. राग मात्र अजून येतो, खोटं कशाला सांगू.

याला आता दहा-बारा वर्षं झाली. शलाका म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, दिगंबरची एकुलती एक पोर. आमचं घर विट्याला. माझी गिरणी आणि त्यांचं घर एका भिंतीला लागून, त्यामुळं ही पोर निम्मी माझ्या पिठातच वाढली. आणि नाक घेतलं ते सरळ माझं. आमच्या वडलांकडून आलेलं, बसकं, शेंड्याला गोल. मला त्या नाकावरून सासरी काय काय ऐकावं लागलं ते जाऊ द्या, पण शलूला लहानपणी त्याचा भारी अभिमान. गिरणीत यायची, माझ्या मांडीवर चढायची, आपलं नाक माझ्या नाकाला टेकवायची आणि म्हणायची, “जुळलं बघ.” उतरेपर्यंत दोघींची नाकं पिठानं पांढरी झालेली असायची.

मोठी झाल्यावर ते आपोआप बंद झालं. फोटो काढताना ती मान जरा तिरकी धरायला लागली, तेव्हाच मी ओळखलं होतं.

स्थळ आलं ते मोठ्या घरचं. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात मुलूखभर पसरलेली, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. नवऱ्या मुलाचे, रणधीरचे वडील त्यातलेच, कोइमतूरला दुकान, गावाकडं दुमजली घर. पोरगा सरळ होता, शलूला आवडला होता. बघायला आले तेव्हा त्याची आई, इंदुमतीबाई, चहा पिता पिता म्हणाल्या, “मुलगी लाखात एक आहे हो. नाक तेवढं फोटोत सापडत नाही.” सगळे हसले. माझा भाऊही हसला. शैला, म्हणजे माझी भावजय, ती एकटी हसली नाही. ते वाक्य तिच्या पोटात लोणच्यासारखं मुरत राहिलं.

शैला वाईट बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. आपल्या पोरीला कुणी नाव ठेवू नये, एवढीच तिची हाव. त्या हावेपायी हळदीच्या दिवशी भल्या सकाळी सांगलीहून मनाली मॅडम आली.

ही पार्लरवाली. लग्नाचा मेकअप तिच्याकडंच दिला होता, त्यामुळं ती आली याचं कुणाला काही वाटलं नाही. मी शलूसाठी दूध घेऊन खोलीत गेले तर दार लोटलेलं, शलू कॉटवर आडवी, आणि मॅडम हातात रबरी मोजे घालून सुई भरतीय. मी विचारलं, हे काय चाललंय. शैला दबक्या आवाजात म्हणाली, वन्सं, आवाज करू नका, नाकात थोडं भरून घ्यायचं असतं, आता सगळ्याच पोरी करतात, उद्यापर्यंत एकदम बसतं.

“तुम्ही डॉक्टर का?” मी मॅडमला विचारलं.

ती हसली. “याला डॉक्टरच लागतो असं काही नसतं, आत्या. मी कोर्स केलाय. पोरी जेवणाच्या सुट्टीत करून घेतात आणि परत ऑफिसला जातात.”

मी ओरडायचं ते ओरडले. शैलाला म्हटलं, उद्या अक्षता आणि आज तोंडाला सुया टोचून घेताय, अक्कल गहाण टाकलीय का? तिनं मला दंडाला धरून दाराकडं वळवलं. शेवटी शलूच बोलली, माझ्याकडं न बघता. “आत्ती, मलाच पाहिजे आहे.” जे नको झालं होतं ते माझंच नाक होतं. दुधाचा पेला मी खिडकीत ठेवला आणि तिच्या पायापाशी उभी राहिले.

सुई आत गेली आणि बघता बघता नाक वर आलं, हे मात्र खरं. मॅडमनं आरसा दिला. शलू आरशात बघून इतकं गोड हसली की मला माझ्याच बडबडीची लाज वाटायला लागली होती. तेवढ्यात नाकाचा शेंडा पांढरा पडला. साधा फिका नाही, पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरा. मी बोट दाखवलं. मॅडमनं एकवार अंगठा दाबून बघितला आणि म्हणाली, बधिर करायचं मलम लावलंय ना, त्यानं होतं असं. मग बर्फाची पिशवी काढून नाकावर धरायला दिली. पेटी आवरताना तिची जरा घाईच चालली होती असं मला वाटलं, पण लग्नाचे दिवस, तिला चार ठिकाणी जायचं असेल. जाताना शैलाला सांगून गेली की नाकाला फार हात लावू नका. शैलानं मला बजावलं, विहीणबाईंच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये.

थोड्या वेळानं वाजंत्री वाजत वराकडच्या बायका आल्याच. आमच्यात नवऱ्या मुलाला आधी हळद लागते आणि त्याची उरलेली, उष्टी हळद घेऊन त्याच्या घरच्या बायका नवरीकडं येतात. ती एकदा अंगाला लागली की नवरीनं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही, दुसऱ्या दिवशी अक्षता पडेपर्यंत. हळदीच्या अंगाला नजर लागते, बाहेरचं काहीबाही लागतं, अशी समजूत. इंदुमतीबाईंनी चांदीच्या वाटीतली हळद स्वतः शलूच्या कपाळाला लावली, मग नाकाला, आणि जरा थांबून नाकाकडं बघितलं. “आज उजळलीय पोर,” म्हणाल्या. शैलाचं तोंड असं फुललं की विचारू नका.

मग एकेक सवाष्ण उठली. पाय, गुडघे, हात, गाल, कपाळ. तासाभरात शलूचं तोंड हळदीनं असं लिंपलं की डोळे आणि ओठ तेवढे उघडे राहिले. त्याच सुमाराला ती मघाचं वाक्य बोलली, नाक ठणकतंय.

शैला तिच्या कानाशी वाकून काय म्हणाली ते मला ओठांवरून कळलं. टोचलंय ना, दुखणारच, हळदीनं सूज उतरते. आणि तिनं वाटीतली ओली हळद चमच्यानं घेऊन नाकावर जाड थापली. पडलं, खरचटलं, सुजलं की हळद थापायची, हे आपल्याला जन्मापासून माहीत. मलाही त्या वेळी ते बरोबरच वाटलं.

शलूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बायकांना वाटलं, माहेर सुटणार म्हणून रडतीय. एकीनं डोळ्याला पदर लावला आणि सासरी निघालेल्या लेकीचं गाणं म्हणायला घेतलं. बाकीच्यांनी सूर धरला. जेवढं तिचं पाणी वाहत होतं तेवढं गाणं वर चढत होतं. पण मी तिला लहानपणापासून रडताना बघितलंय. ती रडायला लागली की खालचा ओठ बाहेर येतो. आज ओठ आत दाबलेले होते आणि हातांनी पाटाच्या कडा गच्च धरल्या होत्या. हे रडणं नव्हतं, पोरगी कळ सोसत होती.

मी शैलाला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हटलं, पोरीला दवाखान्यात न्या, काहीतरी बिघडलंय. ती म्हणाली, मॅडमला मघाशीच फोन केला होता, ती म्हणाली असं होतंच, बर्फ लावा. मी म्हटलं, परत लाव फोन, माझ्यासमोर. तिनं लावला. फोन बंद होता. दोनदा लावला, बंदच.

शैलाचा चेहरा उतरला, मी बघितला. पण बाहेरून इंदुमतीबाईंचं हसणं ऐकू आलं आणि ती परत ताठ झाली.

“हळदीच्या अंगानं पोरीला मांडवाबाहेर काढू? विहीणबाई समोर बसल्यात. काय सांगू त्यांना, नाक भरून घेतलंय म्हणून? वन्सं, उद्याचा दिवस जाऊ द्या. परवा मी स्वतः नेते.”

“आणि परवापर्यंत काही झालं तर?”

“शुभ बोला की जरा. निदान आज तरी.” 

हे तिनं मुद्दाम म्हटलं. माझ्या कपाळाकडं बघत म्हटलं. माझ्या तोंडावर आलं होतं ते मी गिळलं, कारण भांडणाची ती वेळ नव्हती.

बाहेर आले तर दिगंबर बर्फाचा डबा घेऊन उभा. बायकांच्या घोळक्यात जायचं कसं म्हणून घुटमळत होता बिचारा. त्याच्याकडून शैलानं बर्फ घेतला, फडक्यात बांधला, हळदीवरूनच शलूच्या नाकावर धरला आणि सगळ्यांना म्हणाली, उन्हानं डोकं चढलंय तिचं. शलूनं आईचा हात बाजूला केला. मांडवात ती मला शोधत होती. गाणं चालू होतं, तरी तिचा आवाज मला नीट ऐकू आला.

“आत्ती, आता दुखायचं थांबलं. पण नाक हाताला लागतंय आणि नाकाला हात लागत नाही. मधे भुवयांपाशी गार गार होतंय.”

दुखायचं थांबलं म्हटल्यावर शैलानं सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र नवरा आठवला. तोही शेवटी असंच म्हणाला होता, पायाचं दुखायचं थांबलं बघ. मधुमेहानं त्याचा पाय सडत आला होता. दुखतंय तोवर तिथं जीव असतो, हे मी दवाखान्यातल्या फरशीवर बसून शिकलेली बाई.

मी खुर्चीवरून उठले. मांडव तसा काही मोठा नव्हता, पण ती चार पावलं टाकताना गाणं एकेका तोंडातून बंद होत गेलं. मी पाटाजवळ पोचले. कुणीतरी म्हणालं, अहो, कुमुदताई, तुम्ही कुठं. मी पदराचं टोक तांब्यात बुडवलं, शलूची मान माझ्या पोटाशी धरली आणि तिच्या तोंडावरची हळद पुसायला सुरुवात केली.

“वन्सं!” शैला किंचाळली आणि माझा हात धरला. मी तिला ढकललं. हो, ढकललं, आणि परत तशी वेळ आली तर परत ढकलेन. रणधीरच्या नावाची हळद, पाच सवाष्णींच्या हातची, माझ्याच गिरणीतली, माझ्या पांढऱ्या लुगड्याला लागत होती आणि मी पुसत होते. आधी गाल निघाले, नेहमीसारखे. मग नाक निघालं.

नाकाचा शेंडा करडा झाला होता. तिथून वर, नाकाच्या एका बाजूनं, थेट दोन भुवयांच्या मधोमध, निळ्याजांभळ्या रेषांची जाळी पसरली होती. त्या जाळीचं टोक डोळ्याच्या कोपऱ्याला टेकायला आलं होतं. सकाळपासून हे सगळं हळदीखाली चाललं होतं आणि वर आम्ही गाणी म्हणत होतो.

शलूनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं की काहीतरी भयंकर आहे. इंदुमतीबाई उठल्या, पुढं आल्या, शलूचं तोंड त्यांनी नीट न्याहाळलं. मग माझा पिवळा झालेला हात बघितला. त्यांनी चांदीच्या वाटीवर झाकण ठेवलं, वाटी पिशवीत घातली आणि चपला शोधायला लागल्या.

मी दिगंबरला म्हटलं, गाडी काढ. तो शैलाकडं बघायला लागला. मी म्हटलं, तिच्याकडं नको, पोरीच्या डोळ्याकडं बघ. मग तो पळाला. हळदीच्या अंगाची नवरी मांडवाबाहेर काढली ती मी, हाताला धरून. शैला मागून अनवाणी धावत आली आणि गाडीत बसली.

मिरजेच्या दवाखान्यात एक मुल्ला आडनावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नाक दाबून बघितलं, सोडलं, रंग परत येतो का बघितला. आला नाही. काय भरलंय म्हणून विचारलं. आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. मॅडमचा फोन बंद तो बंदच. डॉक्टरीणबाईंनी डोकं हलवलं आणि म्हणाल्या, भरलेलं औषध रक्ताच्या नळीत गेलंय, पुढच्या कातडीला रक्तच पोचत नाही. ते विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण भरलेला माल विरघळणाऱ्यातला असेल तरच त्याचा उपयोग.

“सुई मारल्यावर लगेच शेंडा पांढरा पडला होता का?” त्यांनी विचारलं.

“पडला होता,” मी म्हणाले. “पिठासारखा.”

“तेव्हाच रक्त थांबलं होतं. तेव्हाच आणायला पाहिजे होतं तिला.” मग दारातल्या शैलाच्या हळदीनं माखलेल्या हातांकडं बघून त्यांनी जरा हळू आवाजात विचारलं, “आणि लग्न कधी आहे?”

उद्या, असं दिगंबर म्हणाला. त्या म्हणाल्या, उद्यापर्यंत ही हळद तशीच राहिली असती तर मी तुम्हाला डोळ्याचीही खात्री दिली नसती. बर्फ लावलेला ऐकून तर त्यांनी कपाळावर हात मारला. गरम फडक्यानं शेकायला सांगितलं. ते काम शैलानं घेतलं. फडकं बुडवायची, पिळायची, पोरीच्या तोंडावर धरायची, परत बुडवायची. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, पण तो हात संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

इंजेक्शनं पुन्हा पुन्हा द्यावी लागली. भुवयांमधली जाळी हळूहळू विरत गेली, डोळ्याजवळचा रंग परतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळा सुटला. शेंड्याचं मात्र त्या काही बोलल्या नाहीत.

दिवेलागणीला मध्यस्थाचा निरोप आला. दिगंबर व्हरांड्यात फोनवर नुसता हूं हूं करत होता. आत येऊन त्यानं सांगितलं ते असं. नाकाचं काय, नाक आम्ही चालवून घेतलं असतं. पण उष्टी हळद विधवेच्या हातानं पुसली गेली. असं घडल्यावर त्या घरची मुलगी करून आमच्या मुलाच्या जिवाशी खेळ नको.

शलूनं डोळे मिटून घेतले होते. रणधीरचा स्वतःचा फोन कधी आला नाही.

पुढच्या दिवसांत शेंडा काळा पडला, त्याची खपली धरली आणि खपली निघाली तेव्हा तिच्याबरोबर नाकाचा एक तुकडा गेला. शैलानं घरातले सगळे आरसे भिंतीकडं फिरवून ठेवले. त्यानंतर तिनं माझ्या गिरणीत दळण टाकलं नाही. लग्न नाकापायी मोडलं नाही, वन्संपायी मोडलं, असं ती लोकांना सांगते. तिचं चूक आहे असंही म्हणवत नाही, तिकडच्यांनी निरोपच तसा दिला होता. मनाली मॅडमनं सांगलीचं दुकान गुंडाळलं. गेल्या महिन्यात गिरणीत आलेल्या एका पोरीनं मला मोबाईलवर जाहिरात दाखवली, दुसऱ्या गावातलं काचेचं मोठं पार्लर, आणि काचेत हसत उभी असलेली बाई तीच. पोरगी विचारत होती, आत्या, लग्नाआधी करून घेऊ का? तिला बसवून मी हे सगळं सांगितलं. ती ऐकून गेली. काय करेल ते तिचं तिला माहीत.

शलू आता पुण्यात नोकरी करते. तिकडं जायच्या आदल्या दुपारी ती गिरणीत आली होती. तोंडाला ओढणी बांधलेली. त्या घटनेनंतर दवाखाना सोडला तर पहिल्यांदाच ती घराबाहेर आली होती. वीज गेली होती, त्यामुळं गिरणी बंद, मी पोत्यावर बसून पीठ चाळत होते. ती माझ्यासमोर बसली आणि तिनं ओढणी सोडली. मी एवढे दिवस पट्टीच बघितली होती. शेंड्याला एका बाजूनं जोंधळा मावेल एवढा खळगा पडला होता.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. शलू रडली नाही. ती पुढं सरकली, गुडघ्यांवर उभी राहिली आणि लहानपणीसारखं आपलं नाक तिनं माझ्या नाकाला टेकवलं.

“जुळतंय का गं अजून?”

तो खळगा मला माझ्या कातडीला जाणवत होता.

“जुळतंय,” मी म्हणाले.

“खोटं बोलतीस,” ती म्हणाली, पण लगेच बाजूला झाली नाही. बाहेर कुणीतरी दळणाचा डबा ठेवून हाका मारत होतं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

ती उठली तेव्हा नेहमीसारखं पीठ लागलं होतं, तिच्याही नाकाला आणि माझ्याही. पांढरं नाक मला आता बघवत नाही. मी पदर घेतला आणि तिचं आधी पुसलं.